बंद पडून राहिलेल्या जुन्या बुलेटचा कार्बुरेटर : टाकीपासून जेटपर्यंतची क्रमवार तपासणी

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात किंवा राजेंद्रनगरात जुन्या मराठी घरांत जिन्याखाली ताडपत्री पांघरलेली एखादी मोटरसायकल हमखास सापडते. ती वडिलांची किंवा काकांची असते, दसऱ्याला तिला पुसून हार घातला जातो आणि पुन्हा वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या घरी वडिलांची ३५० सीसीची बुलेट अशीच सात वर्षे उभी होती. ती सुरू करताना मी दोन महिने घालवले, गरज नसताना नवा कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) विकत घेतला आणि शेवटी मूळचाच कार्बुरेटर परत बसवला. तो घोळ तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून प्रत्यक्षात उपयोगी पडलेला क्रम येथे लिहीत आहे.

हा मजकूर मिककार्ब बनावटीचा कार्बुरेटर असलेली बुलेट समोर ठेवून लिहिला आहे. येझ्दी, राजदूत किंवा आरएक्स १०० असली तरी तत्त्व तेच राहते. फरक एवढाच की येझ्दी आणि राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे पेट्रोल उडून गेल्यावर खाली चिकट ऑइल उरते आणि साफसफाईला अधिक वेळ लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बुरेटर बहुधा बिघडलेला नसतो, तर बुजलेला असतो. पेट्रोल उडून जाते, त्यातला जड अंश वॉर्निशसारखा थर होऊन मागे राहतो आणि सर्वांत बारीक छिद्र सर्वांत आधी बंद होते. ते छिद्र म्हणजे पायलट जेट, मूठ जेमतेम उघडलेली असताना पेट्रोल मोजून सोडणारी बारीक पितळी नळी. शिवाय एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, ओल वाढली की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, धातूवर पांढरी भुकटी धरते आणि जुन्या पद्धतीचे रबर फुगवते. आपल्याकडच्या पावसाळ्याचे चार महिने अर्धी भरलेली टाकी सोसून गेली असेल, तर तिच्या तळाशी काय साचले असेल याची कल्पना करावी.

१. आधी जमवून ठेवायच्या वस्तू

पाने, प्लगपाना आणि स्टार पेचकस तर हवेतच, पण खरा भर चपट्या पेचकसांवर द्यावा, कारण जेटच्या खाचेत अगदी घट्ट बसेल एवढ्याच रुंदीचे टोक लागते. ते मिळेपर्यंत काम सुरू करू नये. सियागंजात हत्यारांची दुकाने आहेत, तेथे लहानमोठ्या टोकांचा संच पाहून घ्यावा. याखेरीज कार्बुरेटर क्लीनरचा फवारा, सायकलचा पंप किंवा हवेचा कॉम्प्रेसर, नवी पेट्रोल नळी, फ्लोट बाऊलचे (कार्बुरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे) गॅस्केट, फ्लोटची (त्या वाटीत तरंगणाऱ्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई तिच्या सीटसह, नवा प्लग, काचेची रिकामी बरणी, कडा असलेले स्टीलचे ताट, पांढरे सुती फडके, हातमोजे आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा एवढे साहित्य पुरेसे होते.

काम मोकळ्या जागी करावे आणि बॅटरीची तार आधी सोडावी. जवळपास गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. जुने पेट्रोल नालीत ओतू नये, सुटे भाग धुण्यासाठी एखाद्या गॅरेजला द्यावे.

२. किक मारण्याचा मोह आवरा

ताडपत्री काढताच प्रत्येक जण किक मारून पाहतो आणि टाकीतला गंज व गाळ थेट कार्बुरेटरमध्ये ओढला जातो. त्याऐवजी प्रथम इंजिन ऑइल पाहावे. काडीवर लागलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळून पेट्रोल इंजिनात उतरले आहे असे समजावे आणि ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. बुलेटमध्ये याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. गाडी फार दिवस उभी राहिली की ऑइल आपल्या कप्प्यातून हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरते आणि पहिल्यांदा सुरू करताना दाट धूर निघतो. तो धूर पाहून पिस्टन गेला असे समजून इंजिन उघडणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनाखालच्या बोल्टमधून ते ऑइल काढून टाकले की प्रश्न मिटतो.

यानंतर प्लग काढून त्या छिद्रात इंजिन ऑइलचे चारपाच थेंब सोडावेत आणि हाताने किक दाबून इंजिन सावकाश फिरते का ते पाहावे.

३. टाकी, तोटी आणि झाकण

सगळे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर स्थिर ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, गंज असेल तर विटकरी गाळ बसतो. टाकीत टॉर्च मारून पाहावे. हलका गंज असेल तर टाकी गाडीवरून उतरवून, आत व्हिनेगर भरून एकदोन दिवस ठेवावे, नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी आणि लगेच पूर्ण वाळवून आत थोडे ऑइल फिरवावे. वाळवण्यात कुचराई झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज दिसतो. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, सोडून त्याची चाळणीही साफ करावी.

आता ज्या ठिकाणी माझे दोन महिने गेले, ते ठिकाण. ताजे पेट्रोल घालून गाडी सुरू झाली होती, पण घरापासून दोनतीन किलोमीटरवर ती अचानक बंद पडे, दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होई. एका गॅरेजवाल्याने कार्बुरेटर गेला असे सांगितले आणि मी नवा घेतला. गाडी त्याच जागी, तशीच बंद पडली. शेवटी एका संध्याकाळी ती बंद पडल्यावर मी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आत हवा शिरल्याचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. झाकणाच्या आतल्या बाजूला हवेसाठी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. ते पांढरट, कडक झालेल्या मेणाने भरले होते. दर दसऱ्याला टाकीवर आणि झाकणावर पॉलिश चोळले जात होते, तेच वर्षानुवर्षे त्यात साचले होते. हवा आत जात नसल्यामुळे पेट्रोल खाली उतरत नव्हते. कोमट साबणाच्या पाण्यात झाकण भिजवून ते छिद्र मोकळे केले आणि तक्रार तेथेच संपली.

म्हणून ही चाचणी कोणीही चुकवू नये. कार्बुरेटरकडची नळी काढून बरणीत सोडावी, झाकण घट्ट लावावे आणि कॉक उघडावा. धार दोन मिनिटे सारखी राहिली पाहिजे. ती हळूहळू बारीक झाली आणि झाकण सैल करताच पुन्हा जोरात आली, तर दोष झाकणाचा आहे. झाकण उघडे असतानाही धार बारीकच असेल, तर दोष कॉकचा किंवा चाळणीचा आहे.

४. दोष खरोखर कार्बुरेटरचा आहे का

बॅटरीची तार तेवढ्यापुरती जोडावी, नवा प्लग त्याच्या तारेच्या टोपीत घालून इंजिनाच्या हेडला टेकवावा आणि किक मारून निळी, चटकदार ठिणगी पडते का ते पाहावे. प्लगचे छिद्र त्या वेळी फडक्याने झाकलेले असावे आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी पिवळी, मरगळलेली असेल तर आधी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, साफ करावेत. उभ्या गाडीच्या पॉइंटवर हमखास काळपट थर चढतो. बुलेटमध्ये पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. एअर फिल्टरही काढून पाहावा, कारण त्यात उंदरांनी भरलेल्या चिंध्या निघणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

ठिणगी चांगली असेल तर पाव चमचा ताजे पेट्रोल प्लगच्या छिद्रातून आत सोडून, प्लग लावून किक मारावी. इंजिन दोनचार ठोके घेऊन बंद पडले, तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक असून पेट्रोलच पोहोचत नाही असा निष्कर्ष निघतो. आता बॅटरीची तार पुन्हा सोडून कार्बुरेटर उतरवायला हरकत नाही.

५. उतरवताना

प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा. कॉक बंद करून नळी काढावी, वरची गोल टोपी फिरवून एक्सिलरेटरची केबल, स्लाइड (हवेची वाट कमीजास्त उघडणारा सरकता भाग) आणि स्लाइडला लावलेली लांब सुई एकत्र वर ओढून घ्यावी. स्लाइडचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो बसवताना उलटा बसवल्यास गाडी नीट चालणार नाही. सुईवरची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते कागदावर लिहून ठेवावे. कार्बुरेटरची इंजिनाशी जोडणी कुठे दोन नटांची, तर कुठे रबरी नळी आणि पट्ट्याची असते. रबर असल्यास ते वाकवून भेगा पाहाव्यात.

बाजूच्या हवेच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो अलगद आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजावे. दीड फेरी असेल तर दीड फेरी असे लिहावे. टेकल्यावर जोर देऊ नये, त्याचे निमुळते टोक आत तुटले तर कार्बुरेटर वाचवणे कठीण होते.

६. उघडणे आणि साफ करणे

या कामासाठी दुपार मोकळी ठेवावी. बाऊलचे स्क्रू वर्षानुवर्षे न उघडल्यामुळे जाम झालेले असतात. त्यांच्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून तासभर थांबावे, पेचकस उभा धरून त्याच्या मुठीवर हलकेच ठोकावे आणि मगच फिरवावे. बाऊल निघाल्यावर जुन्या वॉर्निशचा वास नाकात भरतो. आमच्या कार्बुरेटरच्या तळाशी मधासारखा पिवळा, नखाने खरवडता येईल असा थर होता आणि त्याच्या कडेने हिरवट पावडर धरली होती.

फ्लोटची आडवी पिन ज्या बाजूने सहज सरकते त्याच बाजूने काढावी. तिला धरणारे दोन खांब ओतीव धातूचे असतात आणि उलट्या बाजूने ठोकल्यास कट्कन तुटतात. मग मूठ जास्त उघडल्यावर पेट्रोल पुरवणारा मेन जेट काढावा, आणि नंतर खोल खळग्यात बसलेला पायलट जेट. याची खाच मऊ पितळेची असते. पेचकस एकदा जरी घसरला तरी खाच खराब होते आणि मग जेट निघत नाही.

काढलेला पायलट जेट खिडकीसमोर धरून त्यातून पाहावे. स्वच्छ जेटमध्ये केसाएवढा, पण पूर्ण गोल उजेडाचा ठिपका दिसतो. आमच्या जेटमध्ये काहीच दिसत नव्हते. तीन वेळा फवारा मारून, रात्रभर क्लीनरमध्ये भिजवून आणि पंपाने हवा मारल्यावर प्रथम अर्धचंद्रासारखा उजेड दिसला आणि आणखी एका फवाऱ्यानंतर ठिपका गोल झाला. अर्धचंद्र दिसला म्हणून थांबू नये.

जेटमध्ये तार, सुई किंवा टाचणी कधीही घालू नये. हे काम अनेक गॅरेजांत सर्रास केले जाते आणि त्याने छिद्र मोठे होते. जेटवर कोरलेला आकडा तोच राहतो, पण आतून पेट्रोल जास्त जाऊ लागते आणि मग कोणताही स्क्रू फिरवून गाडी जमत नाही. फारच अडले तर ब्रशचा नायलॉनचा एकच केस वापरावा.

जेट साफ झाले की बहुतेक जण काम संपले असे समजतात, परंतु कार्बुरेटरच्या अंगातल्या बोगद्यांकडे दुर्लक्ष झाल्यास सगळी मेहनत वाया जाते. चष्मा लावावा, कारण फवारा भलत्याच छिद्रातून उलटून डोळ्यांत येतो. पायलट जेटच्या खळग्यात फवाऱ्याची नळी घट्ट धरून दाबावी. मुख्य नळीत, स्लाइडच्या खाली इंजिनाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून धार बाहेर आली पाहिजे, आणि हवेच्या वाटेतूनही आली पाहिजे. एक जरी छिद्र कोरडे राहिले तरी पुन्हा भिजवावे. एवढ्यानेही जमले नाही, तर सराफ्यात दागिने धुण्यासाठी ध्वनिलहरींचे जे छोटे यंत्र वापरतात, तसल्या यंत्रात कोमट पाणी व थोडा साबण घालून कार्बुरेटर धुऊन घ्यावा. त्या यंत्रात पेट्रोल मात्र कदापि घालू नये, आग लागण्याचा धोका असतो. लिंबू किंवा आम्लात कार्बुरेटर उकळण्याचा घरगुती उपायही टाळावा, त्याने धातू खरबरीत होतो.

७. फ्लोट आणि त्याची सुई

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यास बुडबुडे येऊन भोक नेमके कळते. सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी कड पडली असेल तर सुई आणि सीट दोन्ही बदलावीत, नुसती सुई बदलून गळती क्वचितच थांबते.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमधले गॅस्केट आणि वायसर वापरायला हरकत नाही, पण त्यातले जेट आकडा जुळत असला तरी भरवशाचे नसतात. आपले मूळचे जेट शाबूत असतील तर तेच परत बसवावेत आणि काढलेला कोणताही मूळ भाग दुकानात ठेवून येऊ नये.

८. परत बसवून सुरू करणे

जोडणीचे नट एकाआड एक आणि बेतानेच आवळावेत. जास्त आवळल्याने कार्बुरेटरची फ्लँज (जोडणीची सपाट कडा) वाकते आणि फटीतून हवा शिरते. बसवल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून कॉक उघडावा आणि पाच मिनिटे थांबावे. कागदावर एकही थेंब दिसला तर किक मारू नये, फ्लोटची सुई पुन्हा पाहावी.

बॅटरीची तार जोडून आणि चोक लावून, अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश दाबावी, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून किंचित पुढे न्यावी, मग पूर्ण किक द्यावी. येथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. मिककार्बमधल्या चोकला पेट्रोलची स्वतंत्र वाट असते आणि ती स्लाइड बंद असतानाच काम करते, त्यामुळे चोक लावलेला असताना एक्सिलरेटर पिळल्यास त्याचा उपयोग उरत नाही. याच कारणाने, जी गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक काढताच बंद पडते, तिचा पायलट जेट किंवा त्याचा बोगदा अजून बुजलेला आहे असे खुशाल समजावे.

मिश्रणाचा स्क्रू इंजिन पुरते तापल्यावरच लावावा. पंधरा मिनिटे गाडी चालवून यावी, मग स्क्रू पाव पाव फेरी फिरवत ठोके सर्वांत जलद आणि सारखे पडतात ती जागा शोधावी आणि शेवटी मूठ न पिळता इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणावा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, बाहेर फिरवल्याने हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो, बाहेर फिरवल्याने पेट्रोल वाढते. दोन्हींत गल्लत झाली की माणूस तासन्‌तास उलट दिशेला जात राहतो.

९. तक्रार कोणत्या टप्प्यावर येते ते ओळखा

एक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटची सत्ता चालते, तेथून पावपर्यंत स्लाइडच्या कापाची, पाव ते पाऊण सुईची आणि त्यापुढे मेन जेटची. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे घाट लागतो, त्या चढावर मेन जेटची खरी परीक्षा होते. चढावर गाडी धाप टाकू लागली आणि मूठ किंचित मागे घेताच सावरली, तर मेन जेटमधून पेट्रोल कमी पडते आहे.

मूठ सोडल्यावरही ठोके लवकर खाली येत नसतील, किंवा उतारावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होत असेल, तर कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे. चालू इंजिनाच्या जोडणीवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. ठोके बदलले ती जागा गळती आहे. काही लोक यासाठी क्लीनरचा फवारा वापरतात, गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो.

प्लगचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असावा. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा असेल तर पेट्रोल कमी. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर आजचे पेट्रोल वापरताना मिश्रणात हवा थोडी जास्त ठरते. रंग सतत पांढरट राहत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन पाहावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

१०. रस्त्यावर आणण्याआधीची कागदपत्रे

मूळ नोंदणीपत्र, चालू विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र लागते. १५ वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी परिवहन कार्यालयात गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला धुराच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. मिश्रणाचा स्क्रू नीट लागला असेल तर ती सहज पाळता येते, आणि तपासणीला गाडी तापवूनच न्यावी. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे वेगळी विंटेज नोंदणी मिळू शकते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

११. पुन्हा उभी करायची वेळ आली तर

महिन्याभरासाठीही उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि बाऊलखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढावेत. पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे ओल धरायला जागा राहत नाही. दर आठवड्याला दोन मिनिटे सुरू करून बंद करण्याची सवय हानिकारक आहे, कारण इंजिन तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. पंधरवड्यातून एकदा वीसेक मिनिटे चालवावी. मी पेट्रोल कॉकला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधून ठेवतो. तिच्यावर बाऊल रिकामा केल्याची तारीख, स्क्रूच्या फेऱ्या आणि सुईची खाच लिहिलेली असते, आणि दसऱ्याला टाकीला पॉलिश करणाऱ्यासाठी त्याच चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे की झाकण काढून घ्यावे.